बेखमीर भाकरीची रात्र

माढ्याच्या वसंत व्याख्यानमालेत यहुदी लोकांच्या सणावर बोलायचे आम्ही ठरवले, तेव्हा आमच्या संघटनेतल्या एका सहकाऱ्याने सरळच विचारले, "अहो, माढ्यात एक तरी यहुदी आहे का?" प्रश्न रास्त आहे. माढ्यात नाही. परंतु माढा तालुक्यात कुर्डुवाडी आहे, आणि कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरांत साठ वर्षांपूर्वी एक यहुदी कुटुंब काही वर्षे राहत होते. घरात बोलायचे मराठी, आडनाव कोकणातल्या एका गावाचे, बाई नऊवारी नेसायच्या. त्या घरचे गृहस्थ आम्हाला पुढे ठाण्यात भेटले. ते रेल्वे कामगारांच्या संघटनेत मुरलेले, आम्ही यंत्रमाग कामगारांत नुकतेच पडलेले. एका अभ्यासवर्गात शेजारी बसलो, माढ्याचे नाव निघाले, आणि त्यांनी आम्हाला सणाला घरी बोलावले. आमची शाळा सातवीत सुटलेली. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि माणसांत. या काकांच्या घरी आम्ही जे शिकलो ते आज सांगायचे आहे.

हा सण म्हणजे पेसाह. मराठी बायबलात त्याला वल्हांडण म्हटले आहे. तो यहुद्यांच्या निसान महिन्याच्या पौर्णिमेस येतो, म्हणजे बहुधा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास, हनुमान जयंतीच्या सुमारास. त्यांचे महिने चांद्र आहेत, आणि सण वसंतातच पडावा असा त्यांच्या शास्त्राचा दंडक आहे, म्हणून आपल्या अधिक मासासारखा जादा महिना तेही धरतात. एकोणीस वर्षांत सात वेळा. ज्या दिवसांत आपण वसंत व्याख्यानमाला भरवतो त्याच दिवसांत त्यांच्या घरोघरी एक व्याख्यान होते म्हणा ना. फरक एवढाच की त्या व्याख्यानात प्रश्न आधी विचारतात, आणि विचारायचा मान घरातल्या सर्वांत लहान माणसाचा.

महाराष्ट्रातल्या या यहुद्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांची परंपरा सांगते की शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना नवगावातच पुरले. पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. वाचलेले लोक कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी पसरले आणि गावांची नावे त्यांना चिकटली: केहीमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, चेऊलकर, तळकर. हिंदी बोलपटांतले डेव्हिड सर्वांना आठवत असतील, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

कोकणात या लोकांनी धंदा धरला तेल गाळण्याचा. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा सोडायचा, तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत जुंपायचा नाही. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाला या नावापाशी थांबावेसे वाटते. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी मिळवून देण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली. ती मिळेपर्यंत गिरणी कामगाराला सणवार सोडला तर विसावा ठाऊक नव्हता. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून समोरच्या किनाऱ्यावर एक गरीब तेली दर आठवड्याला घाण्याचे काम थांबवत होता. त्याच्या बैलालाही सुटी असे. हे आम्ही कौतुकाने भरीला घातलेले नाही. यहुद्यांच्या शास्त्रात सुटीचा हक्क नोकराला, दासीला, बैलाला आणि गाढवालाही दिला आहे, आणि त्याचे कारण असे दिले आहे की तुम्ही स्वतः एकदा मिसर देशात गुलाम होता, हे ध्यानात ठेवा.

आता गंमत पाहा. तेल्याने सुटी पाळली, परंतु तिच्यामागची गोष्ट तो विसरून गेला होता. पुस्तक नाही, गुरू नाही, बाहेरच्या जातभाईंशी संबंध नाही. देव एक आहे असे सांगणारा 'शमा' हा मंत्र तेवढा तोंडात राहिला. मुलाची सुंता, मासे खाताना खवले आणि पर असलेलेच खायचे हा नियम, शनिवार, आणि काही सण. सणांची नावेही मराठी झाली. नवे वर्ष तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास, ज्या दिवशी दार लावून घरात बसायचे, तो दारफाळणीचा सण. पुरीम होळीच्या सुमारास येतो म्हणून तो होळीचा सण. आणि पेसाहला ते म्हणत अनाशी ढाकाचा सण. अनास म्हणजे कालवणासाठी आंबट रस ठेवण्याचे मडके. त्या दिवसांत ते झाकून ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवला, तो 1937 साली छापून निघाला. ही नावे त्यातून आपल्याला कळतात.

म्हणजे मिसर देश विसरला, फारो राजा विसरला, मोशे विसरला, समुद्र दुभंगला तेही विसरले. मडक्यावरचे झाकण मात्र आजीकडून आईकडे आणि आईकडून सुनेकडे शतकानुशतके चालत आले. का झाकायचे हे कोणी सांगू शकत नव्हते. आंबट खायचे नाही, एवढेच. आम्हाला हे फार विलक्षण वाटते. ग्रंथ पुरुषांच्या हाती होते, ते बुडाले. स्वयंपाकघर बायकांच्या हाती होते, ते तरले.

विसरलेली गोष्ट कोणती, ती आता सांगितली पाहिजे. बहुतेकांनी ती चित्रपटात पाहिली असेल, पाण्याच्या दोन भिंती वगैरे. आम्ही मात्र मराठी बायबलातले निर्गमाचे पुस्तक पहिल्यांदा वाचले ते कामगार पुढाऱ्याच्या डोळ्यांनी, आणि समुद्राच्या आधीच्या पानांवरच खिळून राहिलो.

मिसरचा राजा फारो इस्राएल लोकांकडून वेठीने विटा पाडून घेतो आणि नगरे बांधून घेतो. लोक वाढू लागले म्हणून तो शिफ्रा आणि पुआ या दोन सुइणींना हुकूम देतो की मुलगा जन्मला तर मारून टाका. सुइणी मारत नाहीत. राजाने जाब विचारला तेव्हा म्हणतात, या बाया धडधाकट आहेत, आम्ही पोचायच्या आत बाळंत होतात. या साऱ्या कथेतला पहिला नकार मोशेचा नाही, पोटासाठी काम करणाऱ्या दोन बायांचा आहे. (बेने इस्राएल समाजातल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयात कित्येक वर्षे बाळंतिणींची सेवा केली, त्यांना 1966 साली पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव वाचले की आम्हाला शिफ्रा आणि पुआ आठवतात.)

पुढे मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन राजापुढे जातात. मागतात काय? स्वातंत्र्य नव्हे. रानात तीन दिवसांच्या वाटेवर जाऊन देवाचा सण करण्याची परवानगी मागतात. आमच्या भाषेत हा रजेचा अर्ज झाला. राजा म्हणतो, हे लोक आळशी झाले आहेत म्हणून यांना सण सुचतो. आणि तो अर्जाला उत्तर देतो ते असे: विटांच्या चिखलात कालवायला सरकारातून मिळणारा पेंढा बंद. पेंढा तुम्ही रानातून वेचून आणा. विटांची संख्या मात्र पहिली होती तेवढीच भरली पाहिजे. संख्या भरेना तेव्हा मिसरी अधिकाऱ्यांनी कोणाला फटके मारले? इस्राएल लोकांमधूनच नेमलेल्या मुकादमांना. ते मुकादम राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, हात हलवत परत आले, आणि वाटेत मोशे भेटला तेव्हा त्यालाच म्हणाले की तू आमचा सत्यानाश केलास.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. 1998 साली सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात आम्ही पाळीच्या वेळेसाठी आणि सणाच्या भरपगारी रजेसाठी मागणीपत्र दिले होते. मालकाने बोलणी केली नाहीत. त्याने हलके सूत मागवले. ताणा घटकेला तुटायचा, माग उभा राहायचा, चादरींची संख्या मात्र तीच मागायची. मजुरी नगावर, तेव्हा घरी जाणारा पैसा निम्म्यावर आला. तीन आठवड्यांनी आमचाच जॉबर रात्री खोलीवर आला, त्याच्याबरोबर चार बायका होत्या. तो आम्हाला जे बोलला ते निर्गमाच्या पाचव्या अध्यायात जवळजवळ तसेच आहे. मागणीपत्र आम्ही मागे घेतले. तेव्हा आम्हाला वाटले होते की असा प्रसंग जगात आपल्या एकट्यावरच आला. मोशेनेही त्या दिवशी देवाला विचारले की मला पाठवलेस तरी कशाला. पुढे समुद्र दुभंगला. आमच्या कारखान्यात काही दुभंगले नाही, हेही सांगून टाकतो.

तर मूळ कथेत दहा संकटे येतात, शेवटच्या संकटाच्या रात्री देवाचा संहारक इस्राएलांची दारे वल्हांडून जातो, म्हणजे ओलांडून जातो. म्हणून वल्हांडण. राजा घाबरून सोडतो आणि लोक रातोरात निघतात. कणिक मळलेली आहे, फुगायला वेळ नाही. तशीच भाजून घेतलेली ती बेखमीर भाकरी. तिची आठवण म्हणून आठ दिवस घरात खमीर ठेवायचे नाही. कोकणातल्या मडक्यावरचे झाकण ते हे.

ही गोष्ट बेने इस्राएलांना परत मिळाली तिचीही एक कथा आहे. कोचीनच्या यहुद्यांपैकी दावीद राहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांना ओळखले आणि शिकवले असे ते सांगतात. राहाबी नेमके कधी आले यावर विद्वानांत वाद आहे. इंग्रजांच्या पलटणीतले सुभेदार सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्राएल आपल्या मंदिराला मशीदच म्हणत. मुंबईचे मस्जिद बंदर स्थानक पुष्कळांनी पाहिले असेल, त्या नावाचा संबंध या दिवेकरांच्या मशिदीशी जोडतात. पुढे मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या, मराठीत बायबल आणले, इब्री भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले. मिशनऱ्यांना त्यांचा धर्म बदलायचा होता. बेने इस्राएलांनी पुस्तक घेतले, व्याकरण घेतले, आणि धर्म आपला आपल्यापाशी ठेवला. शिकवणाऱ्यावर विद्यार्थ्याने अशी मात केलेली आम्हाला फार आवडते.

पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीला हगादा म्हणतात. तिची इब्री आणि मराठी अशी प्रत मुंबईत 1846 साली शिळाप्रेसवर निघाली. दुसरी प्रसिद्ध प्रत पुण्याची, 1874 ची. तिच्यात चित्रे आहेत, आणि भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. एरवी युरोपातल्या हगाद्यांतून टोप्या आणि झगे दिसतात. पुण्याच्या पोथीतल्या बायका मात्र आपल्या गल्लीतल्या वाटतात. 1880 च्या सुमारास या समाजाने कीर्तनेही सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओवी-आर्येत लावायची, टाळ आणि पेटी घ्यायची, पूर्वरंग-उत्तररंग सर्व नीट. ज्या मुलखात कीर्तनाशिवाय गोष्ट लोकांच्या कानात शिरत नाही, तेथे मोशेलाही कीर्तनातूनच यावे लागले.

आता घरातली तयारी. काका सांगत त्याप्रमाणे त्यांच्या लहानपणी महिनाभर आधी घराला चुना लागे आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई. कल्हईवाला दारात भाता लावून बसे, आळीतली भांडी त्याच्यापुढे रचलेली. काही घरी सणाची भांडी वेगळीच, माळ्यावरून वर्षातून एकदा खाली येणारी. सणाच्या आदल्या रात्री दिवा घेऊन घराचा कोपरान् कोपरा पाहायचा, कोठे पावाचा कण राहिला आहे काय. जुन्या घरांतून बकऱ्याच्या रक्ताने हाताचा ठसा कागदावर उठवून दारावर लावीत, मिसरमधल्या त्या रात्रीची खूण म्हणून.

भाकरीचे शास्त्र कडक आहे. पाणी पिठाला लागल्यापासून भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये. पीठ गव्हाचे, कारण खमीर धरणाऱ्या पाच धान्यांपैकीच एखादे हवे. आमच्या सोलापूरच्या माणसाला वाटेल, यात विशेष ते काय, आमची कडक भाकरी बेखमीरच असते आणि महिनाभर टिकते. अगदी हेच कुर्डुवाडीत झाले. रेल्वे क्वार्टरांतली शेजारीण काकूंच्या सणाला ज्वारीच्या कडक भाकरीची चवड घेऊन आली. म्हणाली, "बाई, तुमच्या सणाला चालंल, ह्यात खमीर न्हाय की काय न्हाय." काकू पेचात पडल्या. एक तर ज्वारी त्या पाच धान्यांत बसत नाही. जे फुगू शकते ते फुगू न देणे यात व्रत आहे. जे फुगतच नाही ते न फुगल्याचे कौतुक काय? आणि दुसरे असे की गिरणीत गहू आणि ज्वारी एकाच जात्यावर दळतात. पण शेजारणीला नाही कसे म्हणावे? त्यांनी भाकऱ्या घेतल्या, हळदीकुंकवाऐवजी तिच्या हातावर खजुराचा शिरा ठेवला, आणि भाकऱ्या कापडात बांधून कपाटावर ठेवून दिल्या. नवव्या दिवशी त्या काढल्या आणि सर्वांनी शेंगाचटणीशी खाल्ल्या. कडक भाकरीच ती, तिला आठ दिवसांचे काय! काकू ही हकीकत सांगताना दरवेळी हसत आणि म्हणत, माढ्याची भाकरी शिस्तीची.

खजुराचा शिरा म्हणजे आपला रव्याचा शिरा नव्हे. खजूर भिजवून, शिजवून, गाळून आटवलेला दाट काळा पाक. तो विटांच्या गाऱ्याची आठवण म्हणून ताटात असतो. गाऱ्याची आठवण गोड का, असे आम्ही विचारले. काका म्हणाले, "सुटून आल्यावर गोड लागतो." ताटात आणखी कडू पाला असतो गुलामगिरीच्या कडूपणासाठी, खारे पाणी डोळ्यांतल्या पाण्यासाठी, भाजलेले हाड, उकडलेले अंडे. तांदूळ या समाजात चालतो, नीट निवडून. आणि द्राक्षरसाचे चार पेले. बेने इस्राएलांनी यातही आपली तोड काढली: काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. द्राक्षरसच तो, आणि घरात मूलबाळ सारे पितात. आमच्याकडे सोलापूर-पंढरपूरच्या बाजूला द्राक्षे आणि बेदाणा होतो, म्हणून पुढे काकांकडे जाताना आम्ही मनुका नेऊ लागलो.

पहिल्या वर्षी त्या घरी अठरा-वीस माणसे होती. तिन्हीसांजेला मशिदीतून प्रार्थना करून मंडळी आली, ती ठाण्यातली 1879 सालची मशीद. एकमेकांचे हात हातात घेऊन बोटे ओठांना लावायची त्यांची रीत आहे, तशी भेट झाली. बसताना डाव्या अंगावर किंचित रेलून बसायचे, कारण गुलाम रेलून जेवत नाही. मग काकांनी तीन भाकऱ्यांपैकी मधली मोडली, अर्धी फडक्यात बांधून लपवली. जेवण झाल्यावर मुलांनी ती शोधून काढायची आणि बक्षीस मागायचे, तोवर झोपायचे नाही. मूल जागे राहावे म्हणून सगळी योजना. भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे, असे बोलावणे वाचले गेले. ते वाचताना काकांनी डोळे वर करून आमच्याकडे पाहिले, आम्ही भुकेलेले होतोच.

त्यानंतर सहा वर्षांच्या नातीने प्रश्न विचारले. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? आज बेखमीरच का, कडू का, दोनदा बुडवायचे का, रेलायचे का? आणि वडील माणसांनी उत्तर द्यायला सुरुवात केली ते "आम्ही" म्हणून. आम्ही फारोचे गुलाम होतो. तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण 'ते' कोणी म्हणत नाही. पोथीत चार मुलगे आहेत. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा आणि एक ज्याला विचारताच येत नाही. दुष्टाचा गुन्हा काय? तो विचारतो की 'तुम्ही' हे सगळे कशासाठी करता. स्वतःला वगळून बोलला, एवढाच त्याचा दुष्टपणा. आमच्या संघटनेत वर्गणी मागायला गेले की "तुमच्या युनियनने काय केले" असे विचारणारे किती भेटतात! त्यांचा आम्हाला राग येई. त्या रात्रीपासून आम्ही त्यांना दुसरा मुलगा म्हणू लागलो, आणि राग थोडा कमी झाला. त्यालाही ताटावर जागा असतेच.

दहा संकटे वाचताना प्रत्येक नावाला बोटाने पेल्यातला एक थेंब काढून टाकायचा. मिसरी माणसेही मेली, त्यांच्या मरणाने आपला पेला भरलेला नको, असे त्याचे कारण सांगतात. शत्रूच्या दुःखासाठी आपल्या आनंदातले दहा थेंब. आमच्या विजयसभांत आम्ही असे काही कधी केले नाही.

घरी परत येताना गाडीत आम्हाला आठवली ती सोलापूरची 12 जानेवारी. 1931 साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले. दरवर्षी चौकात हार घालतात, भाषणे होतात. भाषण आम्हीही केले आहे. मुलांना उन्हात उभे करतात आणि ती पायांवर पाय बदलत राहतात. कोणी मूल विचारत नाही की आजचा दिवस वेगळा का. विचारायची वेळच आपण त्याला देत नाही.

बेने इस्राएल 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. त्यांना कोणी हाकलले नव्हते. या देशात त्यांना धर्मासाठी कोणी छळले नाही, हे ते आवर्जून सांगतात. पोथीच्या शेवटी पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये असा घोष असतो, आणि अचानक ते खरोखर शक्य झाले. तेव्हा भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते. आज चार-पाच हजार उरले असतील, त्यांची मोठी वस्ती मुंबई आणि ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने 2016 साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

गेले त्यांचे सगळेच सुरळीत झाले नाही. बेरशेबाच्या काही मंडळींनी 1951 साली वागणुकीविरुद्ध ठिय्या दिला, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि काहीजण खरेच परत आले. पुढे तिकडच्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली, त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी म्हणाले. 1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल यरुशलेममध्ये मुलाबाळांसह ठिय्या देऊन बसले. ज्या नगरीची इच्छा दरवर्षी भाकरीच्या ताटापुढे बोलून दाखवली, त्या नगरीत पोचून धरणे! ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे ठरवले आणि धर्मपीठाने आपला हुकूम बदलला. काकांचे थोरले बंधू त्या ठिय्यात होते. काका म्हणत, दादाला ठिय्या कसा द्यायचा ते परळमध्ये शिकवलेले होते.

काकांच्या मुली एकामागून एक तिकडे गेल्या, नातही गेली. सणाच्या दिवशी दुपारी, सूर्य मावळायच्या आत, फोन येई. काकू विचारत, शिरा आटला का, मनुका कुठल्या आणल्या. तिकडे अजून मराठी चालते. 'मायबोली' नावाचे त्रैमासिक तेथे मराठीतून निघाले, हे ऐकून आम्हाला आश्चर्य वाटले होते. काकूंना वाटले नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही शेवटचे त्या घरी सणाला गेलो. काकू नव्हत्या. टेबलाभोवती पाच माणसे, काका पंच्याऐंशीच्या पुढचे, त्यांची विधवा बहीण, शेजारचे एक जोडपे सत्तरीतले, आणि आम्ही. भाकऱ्या डब्यातल्या, परदेशातून आलेल्या. शिरा बहिणीने केला होता, मनुका माढ्याच्या होत्या. मधली भाकरी मोडून झाली आणि काका थांबले. मूल नव्हते. त्यांनी सर्वांकडे पाहिले आणि हिशेब केला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्या ताटावर सर्वांत लहान आम्ही होतो. इब्री त्यांनी स्वतः म्हटले. मग पोथी आमच्यापुढे सरकवली आणि मराठी ओळीवर बोट ठेवले.

चश्मा घरी राहिला होता. बहिणीने आपला दिला. आम्ही चारही प्रश्न वाचले, दुसऱ्या प्रश्नाला अडखळलो तेव्हा काकांनी शब्द सांगितला. वाचून झाल्यावर ते डाव्या अंगावर रेलले आणि उत्तर सांगू लागले.